रिले वाढवलेला आढळला

उस्ताद तारेला हात लावायचे तो पालथा. तळवा कधीच नाही. चालू मोटरीजवळ गेले की उजव्या हाताची बोटं जुळवायचे आणि त्यांची मागची बाजू केबलला अलगद टेकवायचे, तापलेल्या लेकराचं अंग बघावं तसं. मी नोकरीत नवा असताना एकदा तळवा पुढे केला, तर त्यांनी माझं मनगटच धरलं.

"साहेब, करंट असला तर मूठ आवळती. तळवा लावला की तार हातातच राहिली. पालथा लावला तर हात झटका खाऊन मागं येतो. जित्तं राहायचं आसल तर पालथा."

मी त्यांना साहेब होतो आणि ते मला उस्ताद होते. वयाने ते माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. हुद्दा वायरमनचा. पण आमच्या पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात शिपायापासून उपअभियंत्यापर्यंत कुणीही त्यांना नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. उमेदीची वर्षं त्यांनी नांदेडला कापडाच्या गिरणीत मोटरी दुरुस्त करण्यात घालवली होती. तिथल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडून ते काम शिकले, आणि त्या मिस्त्रीला मिळणारी हाक पुढे यांना चिकटली.

लातूर जिल्हा तेव्हा नुकता वेगळा झाला होता. कार्यालयं भाड्याच्या घरांत भरत होती. आमचं एका तेलाच्या व्यापाऱ्याच्या गोदामात होतं, फायली उघडल्या की करडीच्या पेंडीचा वास यायचा. पाट्यांवरचा रंग वाळला नव्हता, खुर्च्या मोजक्या होत्या, आणि पाऊस सलग दुसऱ्या वर्षी पडला नव्हता. नव्या जिल्ह्याने पहिलं काम हाती घेतलं ते टँकर फिरवण्याचं आणि बोअर घेण्याचं. मी कनिष्ठ अभियंता, वय चोवीस, अजून कायम न झालेला. माझ्याकडे शिरूर अनंतपाळच्या बाजूची काही गावं दिली होती आणि सोबतीला उस्ताद.

त्यांच्या खाकी पिशवीत रॉकेलची एक छोटी बाटली आणि धोतराचा फडका असायचा. गावात पोचलो की सरपंच सांगायचे, मोटर पाचची हाय. उस्ताद ऐकून घ्यायचे, फडका रॉकेलमध्ये भिजवायचे आणि मोटरीवरची पत्र्याची पाटी घासायला बसायचे. "पहिले पाटी वाचा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. घासून घासून अक्षरं वर आली की पाच हॉर्सपॉवरची मोटर साडेसातची निघायची, आणि सरपंच पाटीकडे असे बघायचे की जणू तिनेच खोटं बोलून त्यांना फसवलंय.

फ्यूजमध्ये लोक काय काय घालतात याचा त्यांनी संग्रह केला होता. डालड्याच्या डब्यात सायकलीचा आरा, खिळा, काटेरी तारेचा तुकडा, आणि एक चक्क बाईच्या केसातला आकडा. "हा देवणीचा," म्हणून ते खिळा दाखवायचे, "हा उदगीरकडचा." जेवणाच्या सुट्टीत आम्ही हसून हसून बेजार व्हायचो. ते मात्र डबा बंद करताना म्हणायचे, "हसायचं न्हाई साहेब. ह्यातल्या एकेकामागं एक जळकी मोटर हाय."

माझं शिक्षण कॉलेजात झालं असलं तरी मोटरीला तार कशी निवडायची हे मी त्यांच्याकडून शिकलो. एका वाळलेल्या लिंबाखाली बसून त्यांनी मला समजावलं होतं. पाटीवर जितके अँपिअर लिहिलेत त्यात पाव मिळवायचा. तेवढा भार तारेने दिवसभर वाहिला पाहिजे, न तापता. मोटर उठताना पाच-सहापट ओढते. बैलसुद्धा भरलेली गाडी हलवताना जोर लावतोच की, चाकं फिरली की मग सरळ चालतो. तेवढा क्षणभराचा जोर फ्यूजने सोसायचा. आणि चालता चालता मोटर जास्त ओढायला लागली, तर ते बघायचं काम स्टार्टरमधल्या रिलेचं. त्याने मोटर बंद पाडायची.

"फ्यूज तारेला राखतो, रिले मोटरीला राखतो. ह्याचं काम त्याला सांगायचं न्हाई," ते म्हणाले. "आन सगळ्यात शेवटी अंतर मोजायचं. पुस्तकवाले अंतर मोजत न्हाईत."

मी पुस्तकवाला होतो. मला ते वाक्य तेव्हा थोडं लागलं होतं.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो ती सांगतो. एका गावात (नाव लिहीत नाही, गाव आजही आहे) पिण्याच्या पाण्याची विहीर तळाला गेली होती. बाया दगडी पायऱ्या उतरून, खाली खरवडून वाटीवाटीने घागरी भरत होत्या. ओढ्याच्या काठाला घेतलेल्या बोअरला पाणी लागलं आणि गावाने अक्षरशः गुलाल उधळला. साडेसातची मोटर सोडायचं ठरलं. पण बोअर विजेच्या खांबापासून हजार फुटांवर होता आणि आमच्या भांडारात होती ती चारची, म्हणजे चार चौरस मिलिमीटरची अल्युमिनियमची केबल.

मी केबलींचा तक्ता काढला. मोटरीच्या पाटीवर पंधरा अँपिअर, पाव मिळवून एकोणीस. चारची केबल तेवढा भार घेते. मी तक्त्यावर बोट ठेवून उस्तादांना दाखवलं.

"तक्त्यात बसतीया," ते म्हणाले. "हजार फुटात न्हाई बसत. इथं आधीच व्होल्टेज कमी. पार तिथं जाऊस्तोवर अजून पडंल. व्होल्टेज पडलं की मोटर जास्त ओढंल. सोळाची केबल मागवा साहेब. आठ दिवस लागतील, लागू द्या."

आठ दिवस नव्हते. दोन दिवसांनी आमच्या कार्यालयाचे मोठे साहेब पाणी सोडायला येणार होते, सोबत जिल्ह्यातली आणखी माणसं. चारची केबल टाकली. मोटर चालू केली आणि उस्तादांनी सांगितलं तेच झालं. पंधराच्या जागी एकोणीस-वीस अँपिअर ओढायला लागली, दहा-पंधरा मिनिटांत रिले मोटर बंद पाडायचा. परत चालू केली, परत बंद. उठायला वेळ लागायचा म्हणून फ्यूजही जायला लागला. माणसं हंडे घेऊन उभी. एक म्हातारा मला म्हणाला, "साहेब, पाणी दावून परत नेता व्हय?"

मी उस्तादांना बाजूला घेतलं. म्हटलं, रिलेचा काटा शेवटपर्यंत न्या म्हणजे तो मोटर बंद पाडणार नाही, आणि फ्यूजमध्ये तार दुहेरी घाला. सोळाची केबल आली की पूर्ववत करू.

"न्हाई साहेब."

"उस्ताद, माझ्यावर आहे हे सगळं."

त्यांनी हातातला पेचकस पिशवीत टाकला. मग म्हणाले, "लिहून द्या. करतो."

मी खिशातल्या डायरीचं पान फाडलं आणि लिहून दिलं, खाली सही केली. त्यांनी ते दोनदा वाचलं, घडी केली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं. मग पेचकस काढून काम केलं. काम झाल्यावर मोटर चालवणाऱ्या माणसाला जवळ बसवून त्यांनी तीनतीनदा बजावलं, तासभर चालवायची, तासभर बंद ठेवायची, घड्याळ नसलं तर शाळेची घंटा ऐकायची. त्या शाळेला सुट्टी होती हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

मोठे साहेब आले, हार झाले, पाणी आलं. चौथ्या दिवशी मोटर जळाली.

तहानलेल्या गावात चालू मोटर बंद कोण करणार? सकाळी लावलेली ती दुपारपर्यंत चालली होती. फ्यूज दुहेरी, म्हणून तोही उडाला नाही. केबलचे दोन जोड जळून काळे पडले. बोअरमधून मोटर वर काढायला तीन पायांचं तिकाटणं आणि साखळी आणेपर्यंत दोन दिवस गेले. लातूरला नेऊन वाइंडिंग होऊन येईपर्यंत आणखी पाच. तेवढे दिवस बाया पुन्हा जुन्या विहिरीत उतरल्या. तिसऱ्या दिवशी एक पायरी निखळली आणि एक बाई खाली गेली. वय माझ्याएवढंच असेल. जीव वाचला, खुबा मोडला. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणारी ती बाई नंतर कधी सरळ चालली नाही.

चौकशी लागली. अहवाल मी लिहायचा होता. ते वाक्य मला आजही पाठ आहे: "ओव्हरलोड रिले मर्यादेपेक्षा जास्त वाढवलेला आढळला." आढळला. कुणी वाढवला, कुणाच्या सांगण्यावरून, ते त्या वाक्यात कुठेच नव्हतं. आपल्या कार्यालयीन मराठीत अशी सोय आहे. मी खोटं एक अक्षर लिहिलं नाही, आणि खरंही लिहिलं नाही. पेचकस कुणाच्या हातात होता हे सगळ्या गावाने पाहिलं होतं.

उस्तादांना मोठ्या साहेबांनी आत बोलावलं तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. ती चिठ्ठी त्यांच्या खिशात आहे हे मला ठाऊक होतं. दहा मिनिटांत ते बाहेर आले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "झालं साहेब." बस, एवढंच. त्यांच्या सेवापुस्तकात नोंद झाली आणि बदली नांदेडकडे, अर्धापूरला. मला कुणी काही विचारलं नाही. सहा महिन्यांनी मी कायम झालो.

मी अर्थ लावला तो असा, की उस्तादांनी चिठ्ठी दाखवलीच नाही. पोरवयाचा साहेब, नोकरी जाईल म्हणून त्यांनी ती गिळली. वर्षं गेली तसा हा अर्थ माझ्या मनात पक्का होत गेला. पुढे मी नव्या अभियंत्यांना शिकवायला जायचो, तेव्हा हा प्रसंग नावगाव न सांगता रंगवून सांगायचो. एका वायरमनचं मन किती मोठं असू शकतं बघा, म्हणायचो. सांगताना माझा आवाज कातर व्हायचा. तुमच्या पाहण्यातही अशी माणसं असतील, ज्यांच्या चांगुलपणाच्या गोष्टी सांगून आपण स्वतः थोडे चांगले ठरतो.

पंचवीस वर्षांनी माझी बदली नांदेडला झाली, तेव्हा कुठे मी अर्धापूरला गेलो. उस्ताद केव्हाच निवृत्त झाले होते. केळीच्या बागांमधले पंप बघायचे, त्यामुळे पत्ता लगेच सापडला. बुद्धविहाराच्या मागे दोन खोल्यांचं घर. दारात खाटेवर बसून ते एक स्टार्टर उघडून बघत होते. चष्म्याची काच जाड झाली होती. मी नाव सांगायच्या आधीच म्हणाले, "या साहेब. केस गेले की तुमचे."

त्यांनी बायकोला हाक मारून चहा सांगितला. इकडचं तिकडचं बोललो. मग मी जे बोलायला गेलो होतो ते बोललो. म्हटलं, उस्ताद, तुम्ही तेव्हा चिठ्ठी दाखवली नाही, माझी नोकरी वाचवली. मी तुमचे उपकार विसरलो नाही.

त्यांनी स्टार्टरमधून मान वर काढली. त्यांना खरोखरच कळलं नव्हतं.

"दाखवली होती की."

"कुणाला?"

"मोठ्या साहेबांना. आत गेलो आन पहिले चिठ्ठीच काढली. त्यांनी वाचली, घडी केली, टेबलाच्या खणात टाकली. म्हणले, पोराचं आयुष्य अजून सुरू व्हायचंय, तुझं काय, थोडी वर्षं राहिली." ते थांबले. "मी म्हणलं, साहेब, माझं बी आयुष्यच हाय. तर म्हणले, जा आता."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"मला वाटलं तुम्हाला ठाऊक आसल," ते म्हणाले. "तुम्ही बाहेरच तर बसले होते."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. पंचवीस वर्षं त्यांना वाटत होतं की मी सगळं जाणून गप्प राहिलो, आणि मला वाटत होतं की ते माझ्यासाठी गप्प राहिले. त्यांचं ऐकलंच गेलं नव्हतं, आणि त्याला मी मोठेपणा म्हणत होतो. ते मोठं मन मीच त्यांना देऊन टाकलं होतं, माझ्या सोयीसाठी.

त्या आठवड्यात मी पत्र लिहिलं. या वेळी वाक्यात कर्ता होता. मी आदेश दिला, मी सही केली, वायरमनने आधी नकार दिला होता, सोळाची केबल मागितली होती. पत्र कार्यालयाला पाठवण्याआधी त्यांना वाचायला नेलं. त्यांनी चष्मा पुसून सावकाश वाचलं. एका जागी बोट ठेवलं.

"साहेब, इथं सहाची केबल लिहिलं तुम्ही. चारची होती."

मी दुरुस्त केलं. ते म्हणाले, "ह्याची एक नक्कल मला द्या."

"उस्ताद, हे मी तेव्हाच..."

"हाव," ते म्हणाले. मला वाक्य पुरं करू दिलं नाही.

कार्यालयाचं उत्तर यायला दहा महिने लागले. जुना अभिलेख नष्ट करण्यात आला असल्याने प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे, म्हणजे फाइल बंद. ते उत्तर घेऊन मी पुन्हा अर्धापूरला गेलो, तर उस्ताद नव्हते. दोन महिने झाले होते. मला कुणी कळवलं नव्हतं, आणि कळवावं असं माझं त्या घराशी काय नातं होतं?

त्यांच्या पत्नीने मला बसायला दिलं. मी उत्तराचा कागद खिशातच ठेवला. त्या म्हणाल्या, "तुमचा कागद मिळाला ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी ते लातूरकडं निघाले. मी म्हणलं, छातीत दुखून राहिलं, कुठं जाता? ऐकलं न्हाई. त्या गावाला जायचंय म्हणले. त्या बाईकडं."

मला आधी समजलंच नाही. कार्यालय, सेवापुस्तक, शिक्षा रद्द होणं, याच गोष्टींचा मी विचार करत होतो. ज्या जागी आपलं नाव खराब झालं ती जागा त्यांच्या लेखी दुसरीच होती.

मग मीही गेलो. त्या गावाला पंचवीस वर्षांत माझं पाऊल लागलं नव्हतं. आता तिथे घरोघर नळ होते. बाईचं घर विचारत गेलो. ती ओट्यावर बसून शेंगा फोडत होती, काठी भिंतीला टेकवलेली. मी कोण ते सांगितलं. तिने हात थांबवला नाही.

"म्हणजे ते कागद लिहिणारे साहेब तुम्ही."

"हो."

"मला वाचता येत न्हाई. त्यांनीच वाचून दाखवला, इथं बाजेवर बसून. सगळा. दोनदा." तिने टरफलं पदरातून खाली झटकली. "साहेब, पंचवीस वर्षं मी त्या माणसाला शिव्या घातल्या. पाय ठणकला की घातल्या. तुमच्या वाट्याच्या व्हत्या त्या."

मी मान खाली घातली. तिला माझ्याशी बोलायचं नव्हतं बहुतेक, पण त्यांच्याविषयी बोलायचं होतं.

"वाचून झालं, कागद खिशात ठेवला, आन उगं बसून राहिले. मी बी बसले. मग मी म्हणलं, थांबा, चा करते. मला आत जायला आन यायला येळ लागतो, काठी बघूनच राहिलात तुम्ही. चा घेऊन बाहेर आले तर बाज रिकामी. शेवटची यष्टी व्हती म्हणं त्यांची. पोरगं पळत गेलं फाट्यावर, तर गाडी निघून गेलेली."

तिने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

"मला त्यांना काहीतरी म्हणायचं व्हतं."

"काय?" मी विचारलं.

"तेच तर," ती म्हणाली, "चुलीपाशी बसून ठरवून राहिले व्हते."